साल नसलेली रेघ

१९ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटे. शिरघाटमधल्या सुदर्शन अपार्टमेंटच्या पूर्वेकडच्या भिंतीवर, रस्त्यापासून दहा मीटर चाळीस सेंटिमीटर उंचीवर, ड्रोनच्या कॅमेऱ्याने एक आडवी रेघ टिपली.

नुसत्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. खाली गाडीत पडद्यासमोर बसलेल्या मृण्मयी साळोखेला मात्र ती स्पष्ट दिसली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीलगत, पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ, फिकट आणि किंचित चमकणारी.

मृण्मयी इमारत परीक्षक होती. ऑगस्टमधल्या पुरानंतर शिरघाटच्या तेराशे इमारतींपैकी कोणत्या राहण्याजोग्या आहेत आणि कोणत्या पाडायच्या, हे ठरवण्यासाठी तिला पाठवले होते. अकरा आठवडे ती हेच करत होती. ड्रोन उडवायला इरफान जमादार होता, याच गावचा. गावात ड्रोनला सगळे भुंगा म्हणत.

या भुंग्याच्या पोटाखाली एक दिवा होता. तो भिंतीवर सात प्रकारचे प्रकाश एकापाठोपाठ एक टाकायचा आणि कॅमेरा प्रत्येक प्रकाशातला वेगळा फोटो घ्यायचा. एका प्रकाशात रंग उजळे, दुसऱ्यात गिलावा, तिसऱ्यात मुरलेली ओल, चौथ्यात क्षार. संगणक हे फोटो एकमेकांवर ठेवून भिंतीचे पापुद्रे सुटे करून दाखवी. याला थरचित्र म्हणत. उन्हात ते दिवे फिके पडत, त्यामुळे काम ऊन चढायच्या आत उरकावे लागे. नोव्हेंबरात त्या वेळी गाव धुक्यात बुडालेले असे.

पडद्यावर सुदर्शनची भिंत झोपेत कूस बदलावी तशी हळूहळू उलगडत होती. आजचा पिवळा रंग विरला, खालून गुलाबी वर आला, तोही विरला आणि निळा दिसू लागला. प्रत्येक रंगावर एकेक जाड रेघ आणि तिच्या बाजूला एक साल होते. शिरघाटमध्ये पूर ओसरला की चिखल काढायच्या आधी पाण्याची खूण करतात, तेलरंगाने रेघ ओढून शेजारी साल लिहितात. पुढे भिंतीला नवा रंग दिला की जुनी खूण झाकली जाते, पण थरचित्रात ती सालासकट परत दिसते. निळ्यावर २०३१ होते, गुलाबीवर २०३८. पिवळ्यावर यंदाचे २०४४, पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या मध्यावर, अजून ताजे.

त्या सगळ्यांच्या किती तरी वर ही नवी रेघ होती. तिच्याशेजारी साल नव्हते.

"ही कुठल्या सालची ओ, म्याडम?" गाडीच्या दारातून डोकावत इरफानने विचारले.

"तुम्ही सांगा. गाव तुमचं."

"एवढं पाणी आमच्या आजोबांनीबी बघितलं नाही. तिसऱ्या मजल्याला पाणी म्हंजे अख्खं शिरघाट तरंगत आलमट्टीच्या धरणाला जाऊन लागलं असतं."

मृण्मयी हसली नाही. तिने नोंदीत लिहिले : पाणरेघ, साल अज्ञात.

ही तिची चूक होती. दुसऱ्या कुठल्या गावात तिने अशी रेघ पाहिली असती तर आधी दहा शक्यता तपासल्या असत्या. पण अकरा आठवडे शिरघाटमध्ये राहिल्यावर भिंतीवरची आडवी रेघ म्हणजे पाणी, एवढेच तिच्या डोक्यात उरले होते.

पुढच्या दोन दिवसांत तशीच रेघ आणखी एकतीस इमारतींवर सापडली. उतारावरच्या इमारतींवर ती जमिनीपासून कमी उंचीवर होती, नदीकाठच्या इमारतींवर जास्त. समुद्रसपाटीपासूनची उंची मोजली तर सगळीकडे सारखी भरली, फरक दोन सेंटिमीटरांचा. त्यांतली एक इमारत गेल्याच वर्षी बांधून झाली होती. तिने यंदाच्या पुराशिवाय दुसरे पाणी पाहिलेलेच नव्हते.

इरफानने ही गोष्ट चहाच्या गाड्यावर फक्त एका माणसाला सांगितली. २१ तारखेपर्यंत ती गावभर झाली. कोणी पेट्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवल्या. कोणी पाहुण्यांकडे फोन करून महिनाभर राहायला येऊ का विचारले. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या दत्तू लोहारकरला पाच घरांनी बोलावून घेतले. त्याने शिडी लावून तिसऱ्या मजल्यापाशी रेघ ओढली आणि सालाची जागा कोरी ठेवली.

"पाणी आल्यावर भरू की," तो म्हणाला. "रंग राखून ठेवलाय."

नगरपालिकेचे अभियंता पिसे यांचा फोन त्याच दुपारी आला.

"साळोखे मॅडम, तुम्ही पूररेषा तिसऱ्या मजल्यावर नेताय? अहो, मग गावात बांधायचं काय? होड्या?"

"मी काहीच नेलेलं नाही. दिसलं ते लिहिलंय."

"मग दिसलेलं जरा नीट बघा. चोवीस तारखेला छावणीतली माणसं घरी सोडायची आहेत. शाळेला वर्ग परत पाहिजेत."

छावणी गावाबाहेरच्या टेकडीवर, माध्यमिक शाळेत होती. बंद इमारतींतली त्रेसष्ट कुटुंबे ऑगस्टपासून तिथे राहत होती. सुदर्शनची भिंत रेघ सोडली तर पक्की निघाली होती. 'राहण्यास योग्य' असा शेरा तयार होता, फक्त सही बाकी होती. २२ तारखेला सकाळी साडेसहाला मृण्मयी तो कागद घेऊन टेकडीवर गेली.

सुदर्शनच्या दुसऱ्या मजल्यावरच्या शैलजा मगदूम सातवी ब च्या वर्गाबाहेर स्टोव्हपाशी बसल्या होत्या. त्यांची पिठाची गिरणी तळमजल्यावर होती, ती पुरात गेली. त्यांचे यजमान बापूसाहेब एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांच्या छातीने दगा दिला. गेले सात हिवाळे प्राणवायूच्या यंत्राची नळी नाकात घालून ते पलंगावर पडून असत. दर हिवाळ्यात एकदा तरी दवाखान्यात जावे लागे. गेल्या जानेवारीत डॉक्टरांनी शैलजाताईंना बाजूला घेऊन सांगितले होते, आणखी असा एक हिवाळा त्यांना झेपणार नाही.

ते बापूसाहेब पाण्याची कळशी घेऊन पायऱ्या चढून वर आले.

"या. सीट नाही, उभ्यानं चालंल का?" ते मृण्मयीला म्हणाले.

"ठेवा ती कळशी," शैलजाताई म्हणाल्या. "लई पैलवान झालाय."

"यंत्र कुठाय तुमचं?" मृण्मयीने विचारले.

"ते काय, कोपऱ्यात. दिवाळीपासून लावलंच नाही. ही म्हणती भैरोबानं बरं केलं. मी म्हणतो, हिच्या हातचा स्वयंपाक बंद झाला, छावणीचं जेवण सुरू झालं, त्यानं बरं झालो."

"आजपासून छावणीतच राहा मग. मी एकटी जाते घरी." शैलजाताईंनी मृण्मयीकडे पाहिले. "तेच सांगायला आलाय नव्हं? घर मिळालं?"

मृण्मयीचा हात पिशवीतल्या कागदाकडे गेला आणि थांबला. "इथं आणखी कोणाचा खोकला थांबलाय?"

शैलजाताईंनी छावणीच्या नर्सला हाक मारली. नर्स म्हणाली, खोकल्याच्या औषधाची दोन खोकी आली होती, दुसरे फोडावे लागले नाही. गावातल्या दवाखान्यात मात्र सकाळपासून रांग असते.

शैलजाताई तोवर एक पातेले घासायला बसल्या होत्या. बापूसाहेबांच्या गुळण्यांसाठी रोज मिठाचे पाणी तापवायचे ते पातेले. आतल्या बाजूला एका उंचीवर पांढरी कड धरली होती.

"रोज घासते, रोज धरतंय," त्या म्हणाल्या. "पाणी जिथवर असतंय, तिथंच बरोबर."

मृण्मयी उठून शाळेच्या कठड्यापाशी गेली.

खाली शिरघाट नव्हते. डोंगरांच्या वाटीत काठोकाठ धुके भरले होते, पांढरे, सपाट, निश्चल. त्यातून इमारतींचे वरचे मजले, पाण्याची टाकी, मशिदीचा मनोरा आणि देवळाचा कळस तेवढे वर आले होते, जणू कोणीतरी ते अलगद पाण्यावर ठेवले होते. एका गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिच्या पायाखालचे दोन मजले दिसत होते, त्याखाली काही नव्हते. कुठूनही आवाज येत नव्हता. ऊन धुक्याच्या वरच्या कातडीवर पडले आणि ती गुलाबी झाली. सुदर्शनची पिवळी भिंत त्या गुलाबी पृष्ठभागाला तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी भिडत होती.

रेघही त्याच खिडकीलगत होती. मग तिने इरफानला फोन केला.

"भुंगा सुदर्शनला न्या. धुक्याच्या बरोबर वरच्या काठावर धरा आणि ऊन पडेपर्यंत हलवू नका."

आठ वाजून एकेचाळीस मिनिटांनी धुके खाली सरकले आणि सुदर्शनच्या भिंतीवर त्या काठाशी ऊन आले. क्षारांच्या प्रकाशात घेतलेल्या फोटोंत दिसले ते असे : धुक्याच्या काठाशी भिंतीवर बारीक थेंब बसलेले होते, उन्हाने ते वाळले, आणि वाळताना प्रत्येकाने मागे एक कण ठेवला. रेघ किंचित अधिक उजळ झाली. पातेल्यात होत होते तेच भिंतीवर होत होते. ती पाणरेघ नव्हती, धुकेरेघ होती. हिवाळ्यातल्या रोजच्या सकाळी एकेक कण बसत ती तयार झाली होती.

साधे धुके असे क्षार सोडत नाही. मृण्मयीने भिंतीवरून खरवडलेली पूड तपासायला पाठवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले : धुराड्यांचा, भट्ट्यांचा, गाड्यांचा, शेतात जाळलेल्या पाचटाचा, सगळ्यांचा धूर त्या थेंबांत विरघळून आंबट झाला होता. रेघेच्या खाली गिलावा भुसभुशीत होता, वर तो टणक होता. रेघेच्या खाली माणसेही राहत होती.

"म्हंजे आम्ही रोज सकाळी बुडत हुतो," शैलजाताई ऐकून म्हणाल्या. "आणि दार उघडून रांगोळी काढत हुतो."

चोवीस तारीख उलटली. मृण्मयीने सही केली नव्हती. पिसे स्वतः गाडीपाशी आले. त्यांनी थरचित्रे पाहिली, पूड पाहिली.

"पटतंय मला," ते म्हणाले. "माझी आई पहिल्या मजल्यावर राहते. पण तुमच्या फॉर्मात रकाने कोणते आहेत? पाया, खांब, भिंत, छत. हवेचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग इमारत योग्य की अयोग्य?"

"इमारत योग्य आहे."

"तेवढं लिहा आणि मला मोकळं करा."

तिने तेवढे लिहिले नाही. ती जुन्या थरांकडे वळली. गुलाबी रंगावर, २०३८ च्या खुणेच्या थरात, धुकेरेघ आजच्यापेक्षा सेहेचाळीस सेंटिमीटर खाली होती. निळ्यावर, २०३१ च्या थरात, एक मीटर बारा सेंटिमीटर खाली. धुके वर चढत होते. थोडे थोडे, पण एकाच दिशेने.

धुके का चढावे? वाटीत दूध ओतत राहिले तर ते वाटीच्या सर्वांत खालच्या काठापर्यंत भरते आणि तिथून सांडते. तेव्हा पातळी किती, हे दूध ठरवत नाही, काठ ठरवतो. मृण्मयीने इरफानला भुंगा शक्य तितका उंच न्यायला सांगितले. चारशे मीटरांवरून सगळे खोरे दिसले, पांढरे आणि शांत, आणि उत्तरेच्या डोंगररांगेत एकाच जागी ते धुके सावकाश पलीकडे ओसंडत होते.

"बोरखिंड," इरफान म्हणाला.

"तिथं काय आहे?"

"आपला राडारोडा," तो म्हणाला.

पूर्वी शिरघाटमध्ये पुरात पडलेल्या घरांच्या विटा-माती नदीत लोटत. नदीचे पात्र भरले, पूर वाढले. म्हणून लोकांनीच ग्रामसभा घेऊन ठराव केला होता : यापुढे एक वीटही नदीत टाकायची नाही. पाण्यापासून लांब, उंचावर, कोणाचे शेत नाही अशी एकच जागा होती. तेव्हापासून दर पुरानंतर पाडलेली घरे बोरखिंडीत जात. शिरघाटला या ठरावाचा अभिमान होता. आजूबाजूची गावे तो पाहायला येत.

ते दोघे दुपारी खिंडीत गेले. गावाच्या बाजूला, खिंडीच्या तोंडावर, राडारोड्याचा बांध या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पसरला होता. जुन्या भागावर गवत आणि घाणेरी उगवली होती. अलीकडचा भाग ताजा होता. मोडलेल्या भिंतींचे तुकडे एकमेकांवर पडले होते, कुठे फरशी, कुठे देवाचा कोनाडा, कुठे तेलरंगाची अर्धी रेघ. आणि तुकड्यातुकड्यावर लाल रंगात आकडे होते. पा-१२. पा-४७. पा-१९३.

'पा' म्हणजे पाडा. ते आकडे मृण्मयीचे होते. सप्टेंबरपासून तिने दोनशे चौदा इमारतींवर ते मारायला लावले होते. प्रत्येक निर्णय बरोबर होता. प्रत्येक भिंत खरोखरच पडायला झाली होती.

ती एका तुकड्यावर बसली. समोर खोरे होते, आता स्वच्छ, उन्हाने भरलेले. एवढा मोठा बांध आपण बांधतो आहोत हे एवढ्या मोठ्या गावाला कसे दिसले नाही, असे तिच्या मनात आले. मग लक्षात आले की तो अडवत होता ती गोष्ट दुपारी नसतेच.

"यंदाचं अजून निम्मंच आलंय," इरफान म्हणाला. "रोज चाळीस डंपर येतात."

२९ नोव्हेंबरला तिने अहवाल दिला. त्यात दोन गोष्टी मागितल्या होत्या : बोरखिंडीत राडारोडा टाकणे थांबवावे, आणि तिथला बांध काढावा. पिसे यांनी वाचून एकच प्रश्न विचारला. "काढून टाकू कुठं? नदीत?" अहवाल तसाच वरिष्ठांकडे गेला.

त्या संध्याकाळी शैलजाताईंनी तिला कठड्यापाशी गाठले. शाळेने वर्ग रिकामे करण्याची अखेरची तारीख पाच डिसेंबर दिली होती.

"तुमचं ते खोरं, खिंड, मीटर मला कळत नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांगा. ह्यांना घेऊन मी घरी जाऊ का नको? हो म्हणा, नाहीतर नको म्हणा."

"भिंत चांगली आहे, काकू."

"भिंतीशी लग्न केलं नाही मी."

मृण्मयी म्हणाली, "जा. पण पहाटे पाचपासून ऊन पडेपर्यंत त्यांनी रेघेच्या खाली श्वास घ्यायचा नाही."

शैलजाताई हसल्या. "मग एवढं तोंड पाडून काय सांगताय? पाणी आल्यावर काय करतो आम्ही? वर जातो."

शिरघाटची ही जुनी रीत होती. पुराचा भोंगा वाजला की खालच्या मजल्यांनी न विचारता वरच्यांकडे जायचे आणि वरच्यांनी न विचारता दार उघडे ठेवायचे. चौथ्या मजल्यावरच्या मुल्लाभाभींना शैलजाताईंनी फोन लावला.

"भाभी, रोज पहाटे येणार आम्ही. होळीपर्यंत."

"या की. त्यात सांगायचं काय?" पलीकडून आवाज आला. "फक्त बापूसाहेबांना सांगा, तिकीट काढून या म्हणावं."

मृण्मयीने सुदर्शनच्या कागदावर सही केली. 'राहण्यास योग्य' च्या खाली तिने हाताने एक ओळ लिहिली, पहाटेबद्दलची. फॉर्मात तिला जागा नव्हती, म्हणून ती समासात गेली. पिसे यांनी ती खोडली नाही.

पाच डिसेंबरला छावणी उठली. सहा तारखेपासून सुदर्शनचे खालचे तीन मजले पहाटे पाचला जिना चढू लागले. आठवडाभरात शेजारच्या इमारतीही. आता सूर्य उगवताना शिरघाट गच्च्यांवर असते. शाली पांघरलेली माणसे, चहाचे कप, पाळणे, एखादे शिवणयंत्र. पायाखाली पांढरा, न हलणारा पृष्ठभाग, आणि त्यावर दूरदूर बेटांसारख्या गच्च्या. आवाज धुक्यावरून लांबवर जातो. या गच्चीवरचा माणूस त्या गच्चीवरच्याशी हळू बोलला तरी ऐकू येते. बापूसाहेब प्रत्येक बेटाला थांब्याचे नाव देतात. नळी त्यांना अजून लागलेली नाही.

त्यांनी एकदा मृण्मयीला विचारले, "ही गच्ची किती सालं पुरंल?"

रेघेपासून सुदर्शनची गच्ची पाच मीटर दहा सेंटिमीटर वर आहे. जुन्या गतीने धुके तिथे पोचायला साठ वर्षे लागतील. जुनी गती यंदा टिकेल की नाही हे तिला माहीत नव्हते, म्हणून तिने आकडा सांगितला नाही.

१४ डिसेंबरपर्यंतच्या नोंदी अशा आहेत. शेवटच्या अकरा सकाळींपैकी नऊ सकाळी धुक्याचा पृष्ठभाग रेघेच्या वर होता. सर्वांत जास्त, सतरा सेंटिमीटर, १४ तारखेला. अकरा दिवसांवरून गती ठरवता येत नाही. अहवालाला उत्तर आलेले नाही. पिसे यांनी स्वतःच्या अधिकारात डंपर तीन दिवस थांबवले होते. ती मुदत १४ तारखेला सकाळी आठला संपली. सात वाजून पन्नास मिनिटांनी इरफानने ड्रोन बोरखिंडीवर नेला. फोटोत बांधाच्या माथ्यावरून धुके पलीकडे ओघळताना दिसते, आणि अलीकडे, चढावर, भरलेल्या डंपरांची रांग. पहिल्या डंपरचा चालक खाली उतरून खिंडीकडे पाहत उभा आहे. इंजिन बंद आहे की चालू, हे फोटोवरून कळत नाही.